डिझाइनच्या पदवीसाठी कर्ज: सही करण्याआधीचा हिशेब

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. धाकट्या भावाला ग्राफिक डिझाइनच्या पदवीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक संस्था नावाजलेली, चार वर्षांची. तिथे जायचं तर नवख्या डिझायनरच्या वर्षभराच्या पगाराच्या अडीचपट कर्ज काढावं लागेल. दुसरी फारशी कुणाच्या ऐकण्यात नसलेली, तीन वर्षांची. तिथे पाऊणपटीत भागतंय. भावाला अर्थातच पहिली हवी आहे. सहकर्जदार म्हणून सही तुमची लागणार आहे आणि तुम्ही विचारताय, या क्षेत्रात एवढे पैसे मिळतात का, की कर्ज फिटेल?

मी बावीस वर्षं हे काम करतेय. त्यातली नऊ नोकरीत गेली, बाकीची स्वतःच्या छोट्या स्टुडिओत. नवी मुलं कामावर घेतली आहेत, अधूनमधून पाहुणी म्हणून शिकवलंही आहे आणि स्वतःचं शैक्षणिक कर्ज दात-ओठ खाऊन फेडलं आहे. त्यामुळे मत देते, पण ते एका बाईचं मत आहे हे धरून वाचा.

'पैसे मिळतात का' याचं उत्तर 'हो' असं आहे आणि त्या उत्तराचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. या धंद्यात कमाईचा पल्ला फार लांबरुंद आहे. १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने नाइकीचं ते जगप्रसिद्ध चिन्ह काढलं, ताशी २ डॉलर दराने, एकूण ३५ डॉलरला. १९८६ मध्ये पॉल रँड या नावाजलेल्या डिझायनरने नेक्स्ट या संगणक कंपनीसाठी एक लोगो केला आणि १ लाख डॉलर घेतले. नाइकीचं चिन्ह आज पोरंसोरंही ओळखतात, नेक्स्टचं आमच्या धंद्याबाहेर फार कुणाला आठवत नाही. (डेव्हिडसनबाईंना कंपनीने पुढे १९८३ मध्ये शेअर दिले, पण ती कंपनीची मर्जी होती, बिल नव्हे.) दोघांच्या मोबदल्यातला फरक रेषेच्या सुबकतेतून आलेला नाही. समोरच्याला आपला भाव सांगण्याची ताकद एकाकडे होती, दुसरीकडे अजून यायची होती. ती ताकद यायला वर्षं लागतात. कर्जाचा हप्ता मात्र पदवीनंतर सहा महिन्यांत दारात उभा राहतो.

म्हणून मी तुमचा प्रश्न जरा बदलून घेते. भावाची पहिली तीन वर्षं महिन्याला किती हप्ता सोसू शकतील, हा खरा प्रश्न आहे. चौथ्या-पाचव्या वर्षानंतर माणूस बहुतेक वेळा मार्गी लागतो. गाडी अडकते ती त्याआधी.

आता आकडे. चलन कुठलंही धरा, मुद्दल १०० धरू. व्याज १० टक्के धरते, कारण हिशेब सोपा पडतो. तुमच्या मंजुरीपत्रात काय दर आहे तो नंतर घाला. चार वर्षांचा अभ्यासक्रम, दरवर्षी सुरुवातीला २५ उचलायचे, शिक्षण संपल्यावर आणखी सहा महिने सवलत, तोवर सरळव्याज. पहिल्या २५ वर साडेचार वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्यावर साडेतीन वर्षांचं, आणि असंच पुढे. बेरीज केली की ३० होते. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज १०० राहिलेलं नसतं, १३० झालेलं असतं. ते दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १.७२ आणि शेवटपर्यंत मिळून २०६. शंभराचे दोनशे सहा. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता १.४० वर उतरतो, पण एकूण भरणा अडीचशेच्या वर जातो. मुदत वाढवली की हप्ता फारसा हलका होत नाही, ओझं मात्र लांबतं.

यातून एक सोयीचा ठोकताळा निघतो. परतफेड सुरू होताना शिल्लक कर्ज जर वर्षभरात हातात पडणाऱ्या पगाराइतकं असेल, तर १० टक्के दराने दहा वर्षांच्या हप्त्यात दर महिन्याचा साधारण १६ टक्के पगार जातो. शिल्लक दुप्पट असेल तर ३२ टक्के. आपल्या पहिल्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त कर्ज काढू नये, असं जे म्हणतात त्यामागे एवढंच गणित आहे.

तुमच्या दोन पर्यायांना हे लावून बघू. पहिल्या संस्थेचं अडीचपट मुद्दल व्याज धरून सव्वातीनपट होतं आणि हप्ता पगाराच्या ५१ टक्क्यांवर जातो. दुसरीचं पाऊणपट मुद्दल तीन वर्षांनी आणि सहा महिन्यांनी साधारण ०.९४ पट होतं, हप्ता १५ टक्के. आता गोम अशी, की 'सुरुवातीचा पगार' म्हणून तुम्ही धरलेला आकडा तुम्हीच लिहिल्याप्रमाणे संस्थेच्या माहितीपत्रकातला आहे. तो तीस टक्क्यांनी कमी निघाला, तर एकावन्नाचे त्र्याहत्तर होतात आणि पंधराचे एकवीस. एकवीस टक्क्यांत माणूस चणचणीत का होईना, राहतो. त्र्याहत्तर टक्क्यांत तो तुमच्याकडे येतो. सहकर्जदार या शब्दाचा अर्थच तो आहे. त्याचा हप्ता चुकला तर बँक तुम्हालाही विचारणार आणि डाग तुमच्याही पतनोंदीवर पडणार.

माहितीपत्रकातल्या पगाराविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण भल्याभल्यांची फसगत तिथेच होते. 'सर्वोच्च पॅकेज' हा एका मुलाचा आकडा असतो. 'सरासरी' त्या एका मुलामुळे वर ओढली जाते. दहा जणांपैकी नऊ जणांना १० आणि एकाला ६० मिळाले तर सरासरी १५ येते, आणि १५ कुणालाच मिळालेले नसतात. संस्थेला मध्यक विचारा, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो आकडा. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न: वर्गात मुलं किती होती आणि हा हिशेब कितीजणांच्या पगारावर केला? साठातल्या बावीस जणांनीच पगार कळवला असेल, तर उरलेले अडतीस काय करताहेत ते कुणालाच माहीत नाही. तिसरं, ती नोकरी डिझाइनची होती का? टेलिकॉलिंगला लागलेला पदवीधरही प्लेसमेंटच्या यादीत मोजला गेलेला मी पाहिला आहे.

इथवर नुसतं गणित झालं, ते बँकेतला माणूसही करून देईल. मला जे मुद्दाम सांगायचंय ते पुढे आहे, आणि ते मी माझ्या पैशांनी शिकले.

पदवी संपली तेव्हा मला दोन नोकऱ्या समोर होत्या. एक चार जणांचा स्टुडिओ होता. पगार तुटपुंजा, पण तिथले मुख्य डिझायनर शेजारी बसवून शिकवायचे. मुलाखतीतच त्यांनी माझ्या पोस्टरमधल्या दोन अक्षरांमधली जागा पेन्सिलीने दाखवली आणि म्हणाले, "इथे शब्द फुटतोय, बघ." चार वर्षांत मला ते कुणी दाखवलं नव्हतं. दुसरी नोकरी कॅटलॉग करणाऱ्या एका कंपनीत. पगार जवळपास दीडपट. काम एकच: वस्तूंच्या फोटोंमागची पार्श्वभूमी काढायची आणि ठरलेल्या साच्यात बसवायची. दिवसाला चाळीस फोटो.

माझा हप्ता पहिल्या नोकरीच्या पगारातून निघत नव्हता. दुसरीकडे गेले. अडीच वर्षं पेन टूलने किटल्यांचे आणि बुटांचे कडाकोपरे कापले. हप्ते वेळेवर गेले, त्याबद्दल तक्रार नाही. पण नोकरी बदलायला निघाले तेव्हा पोर्टफोलिओत, म्हणजे निवडक कामांच्या संग्रहात, दाखवायला काय होतं? कॉलेजातलीच कामं, अडीच वर्षांनी शिळी झालेली. माझ्या वर्गातली एक मैत्रीण, जिच्या डोक्यावर कर्ज नव्हतं, ती त्या चार जणांच्या स्टुडिओत लागली होती. तिसऱ्या वर्षी तिचा पगार माझ्या पुढे गेला, आणि तिचं काम तर त्याआधीच पुढे गेलं होतं. ती माझ्यापेक्षा हुशार होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तिला कमी पगाराला हो म्हणणं परवडलं.

डिझाइनमध्ये कर्ज महाग पडतं ते असं. वैद्यकीय किंवा लेखापालाच्या शिक्षणात परवाना असतो. तो मिळाला की कमाईचा एक किमान स्तर बऱ्यापैकी बांधला जातो. आमच्याकडे परवाना नाही. पुढची कमाई ठरते ती पहिल्या तीन-चार वर्षांत हातून काय काम गेलं आणि कुणाच्या नजरेखालून गेलं त्यावर. आणि नेमक्या त्याच वर्षांत मोठा हप्ता तुमच्यासाठी काम निवडायला लागतो. व्याजाचा आकडा मंजुरीपत्रात छापलेला असतो, ही किंमत कुठेच छापलेली नसते.

मग पदवी घ्यावीच का, असं कुणी विचारेल. माझं मत: घेण्यासारखी आहे, योग्य किमतीला. नोकरी देताना मी पदवीचा कागद आजवर मागितलेला नाही, पोर्टफोलिओच उघडते. पण चांगल्या अभ्यासक्रमातून आलेली मुलं बहुतेकदा ओळखू येतात. त्यांना आपलं काम भिंतीवर लावून वीस जणांसमोर फाडून घ्यायची सवय झालेली असते. ग्राहकाने "काहीतरी मजा नाही येत" म्हटलं की ती रुसत नाहीत, नेमकं काय खटकलं ते खोदून विचारतात. ही सवय एकट्याने घरी बसून व्हिडिओ बघून लागायला फार कठीण. शिवाय वर्गमित्र. माझ्या स्टुडिओची पहिली पाच कामं जुन्या वर्गमित्रांकडून आली. आणि सरकारी पदं, पूर्णवेळ अध्यापन, परदेशातला कामाचा व्हिसा अशा ठिकाणी कागद लागतोच. भावाच्या डोक्यात त्यातलं काही असेल तर पदवीचं पारडं जड होतं.

पदवीत काय मिळत नाही तेही सांगते. माझं पहिलं छापून आलेलं माहितीपत्रक मी हौसेने प्रेसवर बघायला गेले. मशीनवरच्या माणसाने काही न बोलता माझ्या हातात भिंग दिलं. बारीक अक्षरांच्या कडेने निळसर-गुलाबी झालर दिसत होती. मी सहा पॉइंटचा मजकूर छपाईच्या चारही शाईंच्या (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी) मिश्रणाच्या काळ्यात ठेवला होता. कागद केसभर सरकला आणि चार शाईंच्या चार प्लेटांचे ठसे एकमेकांवर नीट बसले नाहीत. तो मजकूर नुसत्या काळ्या शाईत ठेवायचा असतो, मग सरकायला दुसरी शाईच उरत नाही. पदवीच्या चार वर्षांत हे मी शिकले नव्हते, त्या माणसाच्या एका भिंगात शिकले. दर कसा सांगावा, आगाऊ रक्कम किती घ्यावी, दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या करारात लिहाव्या, हेही कॉलेजात शिकवलेलं मी फार कमी पाहिलंय. म्हणून संस्था निवडताना एवढं जरूर बघा, की अभ्यासक्रमात खऱ्या कामाच्या ठिकाणी घालवायचे महिने किती आहेत आणि शिकवणाऱ्यांपैकी किती जण आजही धंद्यात आहेत. इमारत आणि संगणकांची खोली बघून काही कळत नाही.

पोर्टफोलिओ मागायचे तर पहिल्या नंबरच्या मुलाचे मागू नका. तो कुठल्याही संस्थेत पुढेच आला असता. वर्गात मधोमध असलेल्या तिघांचे मागा. दोन्ही संस्थांचे शेजारी शेजारी ठेवा. त्यात फरक दिसला नाही, तर जास्तीचे पैसे नावासाठी जाताहेत.

साधनांबद्दल एक इशारा. २००५ च्या सुमाराला ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने मॅक्रोमीडिया ही कंपनी विकत घेतली तेव्हा तिचं फ्लॅश, म्हणजे वेबसाइटवर हलती चित्रं करायचं सॉफ्टवेअर, ही सोन्याची खाण होती. फ्लॅश शिकवणारे अख्खे अभ्यासक्रम निघाले. २०१० मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनी आयफोन-आयपॅडवर फ्लॅश का नाही याचं उघड पत्र लिहिलं, तिथून उतरती कळा लागली आणि ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने आधार देणं थांबवलं. त्या काळात फ्लॅशच्या भरवशावर पंधरा वर्षांचं कर्ज काढणाऱ्याचे हप्ते सॉफ्टवेअरच्या मरणानंतरही चालू असतील. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं तशीच धुमाकूळ घालताहेत. २०२३ पासून फोटोशॉपमध्येच चित्राचा तुकडा निवडून हवं ते भरून घेता येतं. मी ज्या किटल्या अडीच वर्षं कापल्या, ते काम आता काही सेकंदांचं आहे. डिझायनरची जात संपेल असं मला वाटत नाही. १९८५ मध्ये पेजमेकर हे संगणकावर पानं मांडायचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मजकूर कापून चिकटवण्याचं काम गेलं, मांडणी ठरवणारा माणूस राहिला. पण नवख्यांना पोटापाण्याला मिळणारी साधी कामं आटताहेत, हे मी माझ्याच स्टुडिओत बघतेय. ज्या काळात हप्ता सर्वांत जड असतो, त्याच काळातल्या कमाईवर हा घाला आहे. त्यामुळे सुरुवातीचा पगार आज धराल त्यापेक्षा कमीच धरा आणि पहिली नोकरी मिळायला सहाऐवजी बारा महिने लागतील असं गृहीत धरा.

फ्रीलान्सवर हप्ता भागवू, असं भाऊ म्हणाला तर त्याला एवढंच सांगा. वर्षाचे कामाचे तास दोन हजाराच्या आसपास. त्यातले बिल करता येतात ते निम्मे; बाकीचे ग्राहक शोधण्यात, कोटेशन देण्यात आणि पैशांची आठवण करून देण्यात जातात. बिल दिल्यापासून पैसे यायला महिना-दोन महिने सहज. बँकेला ठरल्या तारखेला हप्ता लागतो, ग्राहकाला तारीख नसते. फी सोडून चांगला संगणक, सॉफ्टवेअरची वर्गणी, प्रकल्पांची छपाई हा खर्च शिक्षणातही आहे आणि नंतरही. विद्यार्थ्यांची सवलत संपली की तीच वर्गणी एकदम वाढते, तेव्हा पगार नुकता सुरू झालेला असतो.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत. कर्ज कुठल्या प्रकारचं आहे त्यावर तर फारच. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून शिक्षणाची परतफेड कमाईशी जोडलेली आहे. ठरावीक मर्यादेखाली कमाई असेल तर वसुलीच नाही. तसं कर्ज असेल तर वरचं बरंच गणित सौम्य होतं. तुम्ही वर्णन केलेलं मात्र ठरल्या हप्त्याचं, सहकर्जदाराचं साधं बँकेचं कर्ज आहे. पहिल्या संस्थेने अर्धी फी माफ केली तर माझं मतही बदलेल. भाऊ शिकताना घरीच राहणार असेल, तर मुद्दल आणखी खाली आणता येईल. हे तुम्हालाच ठाऊक.

आता प्रत्यक्ष काय कराल. मंजूर झालेली रक्कम सगळी उचलायची सक्ती नसते. दरवर्षी गरजेपुरती उचला आणि प्रत्येक वर्षाच्या शेवटी पुढचं उचलायचं का हे नव्याने ठरवा. पहिल्या वर्षानंतर हे आपलं काम नव्हे असं भावाला वाटलं, तर एका वर्षाच्या कर्जानिशी बाहेर पडता येतं. आणि तुमची मदत करायची इच्छा असेल, तर नुसत्या सहीपेक्षा शिक्षण चालू असतानाचं व्याज दरमहा भरून टाका. वरच्या चार वर्षांच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिन्याला जेमतेम ०.२१ आहे, चौथ्या वर्षी ०.८३. तसं केलं तर परतफेड सुरू होताना कर्ज १३० न होता १०० च राहतं, हप्ता १.७२ ऐवजी १.३२ होतो आणि तुमचे ३० धरूनही एकूण १७-१८ वाचतात. आधी मंजुरीपत्रात ते व्याज सरळ आहे की चक्रवाढ हे वाचा. चक्रवाढ असेल तर हा फायदा अजून मोठा.

सहीआधी भावाला एक काम द्या. एखादं गचाळ, डोळ्यांना त्रास देणारं रेल्वेचं नाहीतर बसचं वेळापत्रक शोधायला सांगा आणि ते आठवडाभरात वाचण्याजोगं करायला सांगा, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात, एकाच टाइपफेसमध्ये (अक्षरांच्या एकाच वळणात), चित्राशिवाय. दिसायला कसं झालंय याला फार महत्त्व देऊ नका. त्याने किती वेगवेगळ्या मांडण्या करून बघितल्या ते मोजा, आणि घरातल्या कुणा चष्मेवाल्याला देऊन 'संध्याकाळची शेवटची गाडी शोध' असं त्याने स्वतःहून केलं का ते विचारा. दोन दिवसांत कंटाळून रंग भरायला लागला, तर अजून एक वर्ष थांबलेलं बरं. सातवी-आठवी मांडणी दाखवत असेल, तर दुसऱ्या संस्थेच्या रकमेवर मी तुमच्या जागी सही केली असती. पहिलीच्या रकमेवर तो कितीही गुणी असता तरी नसती केली.